चिघळलेल्या पायाचा फोटो

शिरोळमध्ये महापुराचं पाणी चढलं आणि अंगणवाडीसेविका संघप्रिया वडील अण्णासो यांच्यासह घराच्या माळ्यावर अडकली. साखरेच्या आजारानं अण्णासोंच्या पायाची जखम चिघळली होती. फोन लागेना, म्हणून तिनं शहरात राजारामपुरीतल्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर जखमेचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "पाय काळा पडतोय. आत्ताच्या आत्ता घेऊन या."

"कसं आणू, डॉक्टर? चारी बाजूंनी पाणी हाय की!" तिनं रडतच व्हॉइस मेसेज बोलून पाठवायला घेतला. पण तेवढ्यात रेंज गेली आणि तिचा आवाज फोनमध्येच अडकला.

शेजारी अण्णासो तापात बरळत होते. ती खिडकीतून घसा फाटेस्तोवर हाका मारत राहिली. बचावाची बोट दुसऱ्या दिवशी आली. अण्णासो वाचले, पण पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

शुद्धीवर येताच ते म्हणाले, "पोरी, पाय हलका कसा गं लागतोय?"

संघप्रियानं चादर ओढून त्यांचा पाय झाकला.