निंबाच्या पाण्याचा वास

“बाई, आत येऊ नका,” म्हणत मार्थाच्या सासूनं माझ्या तोंडावर दार ओढलं. भर दुपार होती. मागोमाग गल्लीतल्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्या घरांची दारं लागत गेली. कुणी ओरडलं नाही. कड्यांचा आवाज तेवढा एकेक घर पुढे सरकत होता.

आज इतक्या वर्षांनी, आता राहते त्या राजापेठेत, शेजारणीनं निंबाचा पाला उकळला आणि त्या वासानं ते दार समोर आलं. मूर्तिजापूरजवळच्या त्या गावात माझा नवरा चर्चचा पाळक होता. त्या वर्षांत फवारणीचं औषध पिऊन माणसं मरत. त्यांच्या प्रेतांना घरचेही हात लावायला भीत. मग निंबाच्या पाण्यानं मी ती धुवायची.

मार्था बाळंत होऊन चार दिवस तापानं पडली होती. तिच्यासाठीच मी पाला नेला होता.

“निस्तं आंग पुसून देतो पोरीचं,” मी बाहेरून म्हटलं.

सासू फटीतून बोलली, “माह्या बुढ्याले तुमीच धुतलं.”

“मेल्यावर धुतलं नं, बाई.”

“हा वास तो मराच्या आदल्या दिवशीच घरात आला होता. तवा तो जिता होता.”

मी पाला तिथंच टाकला आणि हात हुंगले. वास होता. तेव्हा मला तिचा फार राग आला. आता वाटतं, मीही दार लावलं असतं.

मी त्या घरात पुन्हा गेले नाही. मार्था जगली, तिची मुलगीही जगली.