दोन बोटं उंच

बॉनेटच्या आतल्या बाजूला आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं. भोवतीचा रंग जळून काळा झाला होता. मी टॉर्च मारून फोटो काढले. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्सखाली गाडी उभी होती आणि शेजारी तिचे मालक कांबळे साहेब हाताची घडी घालून उभे होते. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"आमची पल्लवी चालवत होती," ते म्हणाले. "स्पीडब्रेकरवर गाडी उडाली आणि समोरून धूर. पोरीला काही झालं नाही. पण आता स्टिअरिंगला हात लावत नाही."

ती बॅटरी मी दिली होती.

मी फरीदाबादला एका बॅटरी कंपनीच्या डीलरकडे सर्व्हिस इंजिनीअर आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील बार्शीला मोटर रिवाइंडिंग करायचे, सातवी शिकलेले. माझी डिग्री त्यांनी फ्रेम करून दुकानात लावली होती, घरात नाही. हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं.

माझं काम असं. फिटर कस्टमरच्या घरी जातो. काही अडलं तर मला फोन करतो. मी कॉम्प्युटरवर चार्ट बघून सांगतो, कुठल्या गाडीला कुठली बॅटरी. लोक फक्त Ah विचारतात. Ah म्हणजे टाकी किती मोठी, एवढंच. पण बॅटरी बसते ती ट्रेमध्ये. तिची लांबी, रुंदी, उंची जुळायला हवी. प्लसचं टर्मिनल योग्य बाजूला हवं, नाहीतर केबल पोचत नाही. आणि वरून क्लॅम्प बसायला हवा. क्लॅम्प म्हणजे बॅटरीला जागेवर दाबून ठेवणारी पट्टी. उंची चुकली की क्लॅम्प बसत नाही. बॅटरी हलते, उडते. वर बॉनेट, तेही लोखंडाचं. प्लस त्याला टेकलं की थेट शॉर्ट.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं.

कांबळे साहेबांची ओळख पहाडगंजच्या मराठी शाळेच्या एका कार्यक्रमात झाली होती. जानेवारीत त्यांचा फोन आला. गाडी आठवडाभर उभी असते, थंडीत सकाळी सुरूच होत नाही, दोन वर्षांत दुसरी बॅटरी गेली. "जरा दणकट द्या हो, आपल्याकडची." दिवसभर हिंदीत बोलून कंटाळलेल्या माणसाला असा मराठी फोन आला की तो जरा उदार होतो. मी झालो. त्यांची गाडी पेट्रोलची. त्याच मॉडेलच्या डिझेल गाडीला मोठी बॅटरी लागते. ती पाठवली, रेट छोटीचाच लावला. आपल्या माणसाला एक साइज वरची, एवढाच विचार. वास्तविक उभ्या गाडीची बॅटरी मोठी घेऊनही उतरतेच. आठवड्यातून दोनदा अर्धा तास गाडी चालवा, हे सांगायला हवं होतं. ते सांगून कुणावर उपकार केल्यासारखं वाटत नाही.

फिटर होते ओमप्रकाशजी. पन्नाशी ओलांडलेले, आमच्याकडे बावीस वर्षं. त्यांनी गाडीजवळून फोन केला. "सर, दो उँगली ऊँची है. क्लैम्प नहीं बैठ रहा. दूसरी ले आऊँ?"

कांबळे साहेब शेजारी उभे असणार, हे माझ्या डोक्यात. आता छोटी आणायची म्हणजे मला काही कळत नाही असं दिसणार. मी म्हटलं, चार्टमध्ये याच मॉडेलला आहे, बेल्टनं बांधा. ते परत म्हणाले, सर, ऊँची है. तेव्हा मी जे बोललो ते असं:

"ओमप्रकाशजी, इंजीनियर आप हो या मैं?"

त्यांनी बांधली.

तीन आठवड्यांनी ते भोक पडलं. बेल्ट सैल झाला होता, टर्मिनलवरची टोपी निघाली होती. वायरिंगचा मोठा भाग जळाला.

मलिक सर म्हणजे आमचे ब्रांच हेड. त्यांना संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवा होता. मी काय झालं ते तोंडी सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "क्लैम्प लगा था?"

"नहीं, सर."

"तो यही लिखो. झूठ थोड़ी है."

खोटं नव्हतंच. म्हणून तर सही करणं सोपं गेलं. 'फिटरने क्लॅम्प बसवला नाही.' त्याच संध्याकाळी ओमप्रकाशजींना घरी बसवलं. ते माझ्या टेबलाजवळून गेले, नमस्ते केलं. 

दुसऱ्या दिवशी फाइल लावताना त्यांचं जॉब कार्ड सापडलं. शेरा लिहायच्या जागेत वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'ऊँची है. सर के कहने पर लगाई.' ते कार्ड मी ड्रॉवरमध्ये टाकलं. दोन दिवस ते तिथेच होतं. माझे वडील रात्री जेवताना मोटरी पाठवणाऱ्या कारखान्याच्या साहेबांवर चडफडायचे ते मला त्या दोन दिवसांत फार आठवलं. काम मी बघतो, पण ऐकतो कोण, असं म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी मी दुसरा रिपोर्ट लिहिला. चुकीची बॅटरी निवडली, फिटरने दोनदा सांगूनही लावायला लावली, जबाबदार मी. कार्ड सोबत जोडलं. मलिक सरांनी वाचलं. "पहले दिन देते तो अच्छा लगता," म्हणाले. मला मेमो मिळाला. कांबळे साहेबांची वायरिंग कंपनीनं करून दिली, बॅटरी योग्य साइजची बसवली. त्यांचा फोन मात्र पुन्हा आला नाही. ओमप्रकाशजींना परत बोलवायचं ठरलं.

तो निरोप मी स्वतः घेऊन गेलो. ते घराच्या दारात उन्हात बसून कुणाच्या तरी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरत होते. चहा आला. मी रिपोर्ट हिंदीत वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"ठीक लिखा है," म्हणाले.

मी म्हटलं, सोमवारपासून या.

त्यांनी बॅटरीचं झाकण फिरवून घट्ट केलं. "नहीं आऊँगा, सर. पहले दो बार बोला था. अब एक बार भी नहीं बोल पाऊँगा. चुपचाप लगा दूँगा. और किसी की गाड़ी जलेगी."

मी चहा संपवला आणि निघालो.

आता फिटरचा फोन आला की मी चार्ट उघडत नाही. आधी विचारतो, ट्रे मोजला का, उंची किती, क्लॅम्प बसतो का. नवे फिटर पटापट आकडे सांगतात. ऊँची है असं मात्र अजून एकही जण म्हणालेला नाही. त्यामुळे महिन्यातून चार-पाच गाड्यांचे ट्रे मी स्वतः जाऊन टेपनं मोजतो.