ताप आला की निघायचं

गोष्टी गोळा करायला मी कधी गेलो नाही. सरकारी दवाखान्यात सिकलच्या ओपीडीबाहेर एक लांब बाक आहे. महिन्यातून एकदा तिथे जायचं, खिडकीत फाइल जमा करायची आणि नाव पुकारेपर्यंत शेजारचा सांगेल ते ऐकायचं. सहा वर्षांत इतकं साठलं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी धुळ्याकडचा. सुरतला बमरोलीत तीस वर्षं लूम चालवले, आता एका बिल्डिंगवर वॉचमन आहे. मुलगा-सून दोघं कामावर जातात, म्हणून नातीला, कोमलला, मीच दवाखान्यात नेतो. आता नऊ वर्षांची आहे. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्यालाच सिकल म्हणतात.

पहिल्याच वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, अंग दुखणं तर राहीलच. पण मला भीती तापाची आहे. जंतूंना अडवणारी पाणथरी हिच्या पोटात निकामी झाली आहे. अंगातला वॉचमनच गेला समजा. ताप आला की घरी थांबायचं नाही. लगेच निघायचं."

मी मान हलवली. वॉचमन नसला की काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको!

*

तरी चूक केलीच. पुढच्या वर्षी गावी गेलो, तर कोमलचे डोळे पिवळे. बायको म्हणाली कावीळ आहे, माळ घाला. आमच्याकडे काविळीला मुळ्यांची माळ घालतात. कावीळ उतरत जाते तशी माळ लांबत जाते.

माळ लांबली. छातीवरून बेंबीपर्यंत आली. डोळे तसेच पिवळे!

माळवाला डोकं खाजवून म्हणाला, "बाबा, माळ उतरनी आणि कावीळ नही उतरनी, अशी पोर मी पहिल्यांदा देखी!"

तोवर ओला दोरा मानेवर घासून घासून जखम झाली होती, पू धरला होता. अंगात ताप. तशीच गाडीत घालून सुरतला आणली. दहा दिवस सलाइन. सिस्टरने कात्रीने दोरा कापला आणि माझ्या हातात दिला. "आजोबा, हा दागिना फार महाग पडला असता."

सिकलमध्ये डोळे पिवळे असतातच, हे तेव्हा कळलं.

*

बाकावरचा रामदास नंदुरबारचा, इथे पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये. त्याच्या लेकाला ताप आला. आता डॉक्टरसमोर पोरगं जरा बरं दिसावं, म्हणून निघताना त्याने तापाची गोळी दिली. आपल्याकडे पोराला तोंड धुऊन, केस विंचरून नेतात ना, तसं.

दवाखान्यात थर्मामीटर लावलं. ताप नाही! नवीन डॉक्टर होता, त्याने घरी पाठवलं.

तिसऱ्या दिवशी झटके आले. ताप मेंदूपर्यंत गेला होता. पोरगं वाचलं, पण कान गेले.

त्या गोळीबद्दल रामदास अजून बाकावर हळू आवाजात बोलतो, लेक शेजारीच बसलेला असतो. कुणीतरी म्हणालं, "अरे मोठ्याने बोल की, त्याला कुठे ऐकू येतंय!"

रामदास म्हणाला, "म्हणूनच तर."

*

बाकावरच्या सुशीलाच्या शेजारी हंसाबेन राहतात, गुजराती. शितळा सातमला, म्हणजे श्रावणातल्या सप्तमीला, त्यांच्याकडे चूल पेटत नाही, आदल्या दिवशी रांधलेलं थंडच खायचं. त्यांनी प्रेमाने ताट दिलं, सुशीलाच्या मुलीने प्रेमाने खाल्लं. आमच्या लोकांच्या सुनाही आता सातम पाळतात, इथे राहायचं तर इथलं होतंच.

घरात इतर सगळ्यांचं पोट एक दिवस बिघडलं. मुलीला मात्र ताप चढला आणि महिनाभरात तिच्या पायाच्या हाडात पू झाला. दोन ऑपरेशनं. पाय आखूड झाला.

पुढच्या सातमला हंसाबेनच्या चाळीत एकच चूल पेटलेली. हंसाबेनचीच! सुशीलाच्या मुलीसाठी गरम खिचडी.

त्यांची सासू ओरडली, माताजी कोपेल!

हंसाबेन म्हणाल्या, "माताजीने पूछी लीधुं." माताजीला विचारून घेतलंय!

*

कोमलला शाळेत कणकण आली. तिने दप्तरातलं दवाखान्याचं सिकलचं कार्ड काढून मॅडमना दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "बैठ जा, थोडा बुखार तो सबको आता है."

कोमल म्हणाली, "मॅडम, सबके पास वॉचमन है."

मॅडमना काही कळलं नाही. पण फोन लावला त्यांनी. मी बिल्डिंग तशीच सोडून पळालो. वेळेवर पोचलो त्या दिवशी.

*

इंदूबाई यवतमाळच्या. आमच्याच बाकावरच्या. मुलगी रेखा, एकोणीस वर्षांची, घरी बसून साड्यांवर स्टोन चिकटवायची. एका सकाळी अंग तापलं. आई म्हणाली, चल. रेखा म्हणाली, "आई, एवढी साडी पुरी करते, मग जाऊ."

साडी दुपारी पुरी झाली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती आईला ओळखत नव्हती. दुसऱ्या दिवशी गेली.

पुढच्या ओपीडीला इंदूबाई सगळ्यांच्या आधी हजर! खिडकीत रेखाची फाइल पहिली जमा केलेली. आम्ही बघितलं. सरकून जागा दिली.

मग त्या उठल्या आणि बाकाच्या एका टोकापासून एकेका पोराच्या कपाळाला हात लावत आल्या. कोमलपाशी हात थांबला. घरून निघताना मी बघितलं होतं, अंग गार होतं.

"दादा, पोर तापली आहे. नंबर कितवा तुमचा?"

"एकेचाळीस."

तेवढ्यात दार उघडलं. प्यूनने पहिलं नाव पुकारलं, "रेखा!"

इंदूबाईंनी कोमलचा हात धरला आणि सरळ आत गेल्या. मी मागोमाग.

डॉक्टरबाईंनी फाइल उघडली. कोमलकडे बघितलं. मग इंदूबाईंकडे. हळूच म्हणाल्या, "बाई, अहो रेखा तर..."

"तिला उशीर झाला," इंदूबाई म्हणाल्या. "हिला आधी बघा."