तपासून परत

पहाटे पावणेपाचला कॉमाचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. तोंड धुऊन तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचा आणि इंग्रजी शब्दकोशाची दोन पानं वाचायचा. दोनच. तीन नाहीत आणि दीडही नाहीत. शब्दकोशाला पुठ्ठा नव्हता, ‘ए’ची पहिली अकरा पानं नव्हती. पण रद्दीतून आलेल्या पुस्तकाने याहून जास्त काय द्यावं? सव्वासहाला डबा घेऊन तो निघायचा आणि सातच्या ठोक्याला छापखान्यात आपल्या जागी उभा असायचा.

तो जुळारी होता. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं आणि पट्टीत लावायचं, ओळीमागून ओळ, पानामागून पान. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात आणि ती तशीच वाचावी लागतात. काम सगळं उभ्याने. तासाला हजार-बाराशे अक्षरं लावणारा हात चांगला समजत. कॉमाचा हात चौदाशे लावी, आणि त्यात चुका शोधूनही सापडत नसत. शाळा सातवीपर्यंत झालेली. इंग्रजी त्याला बोटांनी शिकवलं. बोलता मात्र अजिबात येत नव्हतं. कुणी इंग्रजीत नाव विचारलं तरी त्याला घाम फुटे. पण इंग्रजीतली चूक नजरेखालून गेली की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

‘इट्स’च्या डोक्यावर नको तिथे दिलेला टिंबासारखा शेपटीवाला ठिपका दिसला की त्याचं जेवण बिघडे. त्यावरूनच त्याला कॉमा नाव पडलं. खरं म्हणजे त्या चिन्हाला अपॉस्ट्रॉफी म्हणतात, पण ते म्हणताना मशीनवाल्यांची जीभ अडखळायची. ‘रिटर्न बॅक’ लावायची वेळ आली की तो पुटपुटे, “रिटर्न म्हणजेच परत. परत परत कशाला?” ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ लागलं की कपाळाला आठ्या. एकदा वह्या-पेन्सिली विकणाऱ्या दुकानाचं कार्ड आलं. त्यात ‘स्टेशनरी’मध्ये ‘ई’च्या जागी ‘ए’.

“साहेब, हे दुकान वह्या विकतंय असं वाटत नाही,” कॉमा फोरमनला म्हणाला. “आम्ही जागचे हलत नाही, एवढंच सांगतंय.”

“अरे, गिऱ्हाइकाने लिहिलंय ते लाव ना. तुला मजुरी बोटांची मिळते, डोक्याची नाही.”

“डोकं घरी ठेवून येता येत नाही. मानेला जोडलेलं आहे.”

“मग तोंड तरी घरी ठेवून ये!”

फोरमन ओरडायचा आणि ‘ए’ काढून ‘ई’ लावायला सांगायचा.

त्या छापखान्यात एक रीत होती. कच्चा छाप काढला की तो तपासणाऱ्याकडे जायचा. तपासणारा लाल पेन्सिलीने खुणा करायचा, वर ‘तपासून परत’ असं लिहायचा आणि कागद माघारी यायचा. एकही लाल खूण नसलेला कागद आला, तर जुळारी खूश होत नसत, उखडत. “वाचलंच नाही बेट्याने!” म्हणत. आपण दिवसभर पाय मोडून केलेल्या कामावर कुणी तरी नीट नजर घातली, याची खात्री त्या लाल खुणेनेच व्हायची. कॉमा चौदाव्या वर्षापासून या रितीत वाढला होता.

त्याला एकुलती एक लेक. तिला त्याने इंग्रजी शाळेत घातलं, त्यासाठी रविवारीही कामाला गेला. पोरगी हुशार निघाली. शिकली, आणि एका मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळून समुद्रापलीकडे गेली. निघताना तो तिला एवढंच म्हणाला, “पत्र इंग्रजीत लिही. सवय राहील.”

तिसऱ्या आठवड्यात पहिलं पत्र आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. कॉमाने ते बायकोला मराठीत सांगितलं. खोली लहान आहे, भात करपला, दवाखान्यातले लोक फार भरभर बोलतात. बायको पदराने डोळे पुसत हसली. दुसऱ्या दिवशी पहाटे शब्दकोश बाजूला ठेवून त्याने लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि तेच पत्र पुन्हा घेतलं. एकेक ओळ, पट्टी खाली धरून. चार पहाटा गेल्या. समासात खुणा झाल्या, जिथे खूण पुरेना तिथे बारीक अक्षरात नियम लिहिला. इतक्या मनापासून त्याने कुठल्याही गिऱ्हाइकाचा कागद वाचला नव्हता. मग वर ‘तपासून परत’ लिहून त्याने पत्र लेकीला पाठवलं.

असं अकरा वेळा झालं.

पत्रं चार पानांची तीन झाली, तिनाची एक. कॉमाला वाटलं, पोरीला काम वाढलं असेल. खुणाही कमी होत होत्या, आणि तो मनात खूश होता. बारावं पत्र आलं ते सहा ओळींचं. त्याने पेन्सिल हातात घेऊन दोनदा वाचलं आणि खाली ठेवली. एकही चूक नव्हती. ते पत्र त्याने खिशात घालून छापखान्यात नेलं.

फोरमनने चष्मा लावून वाचलं. “झकास आहे रे. बँकेकडून आल्यासारखं वाटतं.”

सगळे हसले. कॉमाही हसला. मग दुपारभर त्याचा हात चालेना. एका ओळीत तीन अक्षरं चुकली. असं त्रेचाळीस वर्षांत झालं नव्हतं.

संध्याकाळी त्याने ते पत्र बायकोला सांगितलं. मी बरी आहे. हवा थंड आहे. काम ठीक चाललं आहे. तब्येतीची काळजी घ्या.

“आणि?”

“एवढंच.”

“अहो, यात तिची खबर कुठे आहे? मागची पत्रं काढा बरं. त्यात काही लिहिलं असेल तिने, आपल्या ध्यानात आलं नसेल.”

“ती घरात नाहीत.”

“नाहीत म्हणजे?”

“तपासून परत केली.”

बायको हातातली परात घेऊन तशीच उभी राहिली. “दर महिन्याला एवढं जाडजूड पाकीट टाकत होतात, ते तुमचं पत्र नव्हतं?”

“तिचंच होतं. खुणा करून.”

“आणि तुमचं?”

कॉमाने सहा ओळींचं पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

“निदान आठवतंय तरी का, काय लिहिलं होतं पोरीने?” बायकोचा आवाज चढला नाही, उलट बसला.

आठवत होतं, पण विचित्र रितीने. त्याला लेकीच्या चुका आठवत होत्या, क्रमाने, पानासकट. तो स्टुलावर बसला आणि चुकीचं बोट धरून मागे जाऊ लागला. ‘लूज’मध्ये एक ‘ओ’ जास्त होता, दुसऱ्या पत्रात. तिथे तिचा हातमोजा हरवला होता. ‘अ‍ॅडव्हाइस’मध्ये ‘सी’ हवा तिथे ‘एस’; शेजारची म्हातारी तिला सल्ला देते. ‘कझिन सिस्टर’, तिच्याबरोबर काम करणारी एक मुलगी मामेबहिणीसारखी दिसते. बायको समोर बसून ऐकत होती, मधूनच “मग?” म्हणत होती. चौथं, पाचवं, सातवं.

आठव्या पत्राशी तो थांबला.

“काय होतं आठव्यात?”

“‘सिन्स’ लिहिलं होतं. तिथे ‘फॉर’ हवं.”

“ते सोडा. ओळ काय होती?”

त्याने ओळ सांगितली. ‘मी चार महिन्यांपासून रोज दुपारी जिन्यात बसून रडते.’ समासात त्याने नियम लिहिला होता, उदाहरणासह. तेव्हा तो बायकोला ही ओळ सांगायचं विसरला होता. विसरला होता की त्याने ती वाचलीच नव्हती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नाही.

त्यानंतर पत्र आलं नाही. एक महिना, तीन, सात. पोस्टमन गल्लीत शिरला की बायको दारात आणि कॉमा खिडकीत. पोस्टमन लांबूनच हात हलवायचा. कॉमाला आता चुका हव्या होत्या. छापखान्यात कुणाच्या तरी कागदात जास्तीचा ‘ओ’ दिसला की त्याला हातमोजा आठवायचा, आणि तो अक्षर बदलायला एक क्षण उशीर करायचा.

शेवटी एका पहाटे त्याने कोरा कागद घेतला. दुसऱ्यांचे शब्द लावण्यात जन्म गेलेला माणूस. स्वतःचं एक वाक्य लावताना त्याला दोन तास लागले. इंग्रजीत प्रयत्न केला, फाडला. मग मराठीत लिहिलं. सहा पहाटा लागल्या, आणि झालं एक पान.

‘आई बरी आहे. माझे गुडघे दुखतात. तुझ्या आठव्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलं. अजून जिन्यात बसतेस का? कुणाशी बोलतेस? तू लिहिलेलं मी तपासलं, वाचलं नाही. तू घरात नसलीस की मला काय होतं ते लिहिता येत नाही. कसंही लिही, पण लिही.’

चोविसाव्या दिवशी उत्तर आलं, मराठीत. बायकोने पोस्टमनच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं आणि या वेळी तिने वाचलं, कॉमाने ऐकलं.

‘बाबा, माझ्याकडे माझीच अकरा पत्रं आहेत. तुमचं एकही नव्हतं. हे पहिलं. राग होता, अजून थोडा आहे. जिन्यात आता कधीतरीच बसते. तो जिना तुम्हाला दाखवायचा आहे. पण मला दोन वर्षं सुट्टी मिळणार नाही.’

“दोन वर्षं,” बायको म्हणाली, आणि कागदाची घडी घालून तिने तो डब्यात ठेवला.

“ती येऊ शकत नाही, असं लिहिलंय,” कॉमा म्हणाला. “आपण येऊ नये असं कुठे लिहिलंय?”

पाच महिन्यांनी तो निवृत्त झाला. फंडाची रक्कम हातात आली तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. मेहुणा म्हणाला, झेरॉक्सचं दुकान टाका. फोरमन म्हणाला, घराला रंग दे, गुडघ्यांचं ऑपरेशन कर. कॉमाने सगळ्यांचं ऐकून घेतलं.

त्या पैशांतून विमानाची दोन तिकिटं आली, तिथे तीन महिने राहण्याचा परवाना आला, आणि बायकोसाठी एक जाड लोकरी कोट आला. दुकानात भर उन्हाळ्यात तिने तो अंगात घालून पाहिला. दुकानदार बांधून देऊ म्हणाला. ती नको म्हणाली आणि तशीच, घामाघूम होत, कोट घालून घरापर्यंत चालत आली.