विहीणबाई नेमकं काय म्हणतात

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर माझ्या जर्मन विहीणबाई दोन-दोन मिनिटं बोलायच्या. हात हलवून, हसून, मध्येच कपाळाला आठ्या घालून. मग त्यांच्या शेजारी बसलेला माझा मुलगा सांगायचा, "आई, त्या म्हणतायत सगळं छान आहे."

दोन मिनिटांत एवढंच?

मला ते खटकायचं, आणि उगाच नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडिलांना सहीपुरतीच अक्षरं यायची. आलेली पत्रं मीच त्यांना वाचून दाखवायची आणि आत्याने टोचून लिहिलेली वाक्यं गुपचूप गाळायची. मधला माणूस काय काय खातो, हे मला कोणी शिकवायला नको.

म्हणून बावन्नाव्या वर्षी इथे ग्वाल्हेरातच, पडाव भागातल्या एका क्लासमध्ये जर्मनसाठी नाव घातलं. वर्गात सगळ्या तिकडे जर्मनीत नोकरीला निघालेल्या नर्सिंगच्या मुली. फॉर्मवर कारण विचारलं होतं: नोकरी, शिक्षण की इतर. मी 'इतर'वर खूण केली.

"इतर म्हणजे काय, काकू?" मॅडमने विचारलं. आमच्यातलीच मराठी मुलगी, इथल्याच माधवगंजची.

"विहीणबाईंशी बोलायचंय. समधिन से."

मागून एक जण म्हणाली, "आंटी, लड़ने के लिए?" अख्खा वर्ग हसला.

"पहले समझ तो लूँ क्या बोलती हैं," मी म्हटलं. "फिर देखेंगे."

सात महिने ऑफिस सुटलं की क्लास. घरी पोळ्या लाटताना क्रियापदं घोकायची. यजमान म्हणायचे, "आता भाजीवाल्याशीपण जर्मनमध्येच का?"

मग एका रविवारी मुलाला म्हटलं, "आज तू गप्प बस." आणि विहीणबाईंना त्यांच्या भाषेत म्हटलं, "हळू बोला. मला सांगा."

त्या एकदम ताठ बसल्या. मग उठल्या आणि कपाटातून एक नारळ आणून कॅमेऱ्यासमोर धरला. लग्नाला ग्वाल्हेरला आल्या तेव्हा मी त्यांची ओटी भरली होती, त्यातला. वर्ष झालं होतं. पार सुकलेला, आत काहीतरी खुळखुळत होतं. एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, याचं काय करायचं असतं? म्हणे किती महिने हेच विचारतायत.

मी मुलाकडे पाहिलं.

"अगं, त्यांनी तो तसाच ठेवलाय कळलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं ना."

त्याला रागवणार होते, पण आत्याची पत्रं आठवली.

'खायचा' एवढं सांगता आलं. 'फोडायचा'ला शब्द आठवेना, तर मूठ टेबलावर आपटून दाखवली. विहीणबाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, पण तो माझ्या ओढणीत का घातलात?

प्रश्न पूर्ण कळला. उत्तर मात्र माझ्याकडे मराठीतही नव्हतं. आई भरायची, मीही भरत आले. 'मला माहीत नाही' हे वाक्य आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ते मी मोठ्याने, अगदी स्वच्छ म्हटलं.

विहीणबाईंनी माझ्या उच्चाराचं कौतुक केलं.