साडूचं फूल आणि मावशींच्या म्हशी

कोल्हापुरात जन्मभर मान खाली घालून चाललेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू, आमचे दाजी. गल्लीतल्या नव्या माणसाला वाटतं, याचं काहीतरी हरवलंय, नाहीतर याने काहीतरी केलंय. प्रत्यक्षात दाजी गवत बघत असतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण खिशातलं भिंग काही निवृत्त होईना. कसबा बावड्यात आमच्या वास्तुशांतीला सगळे पंगतीत बसलेले आणि हे शेजारच्या उसाच्या बांधावर पालथे! हाक मारली तर म्हणाले, "आमटी परत गरम करता येती की पावणं, ह्ये फूल दुपारी मिटतंय."

पन्हाळ्यापलीकडच्या कातळसड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, त्यांना नखाएवढं एक जांभळं फूल सापडलं. आम्हाला तो साधा तेरडा वाटला. दाजींनी मात्र पाकळ्या, बिया, देठावरची लव दाखवून दाखवून तज्ज्ञांचं डोकं खाल्लं. शेवटी ही तेरड्याची वेगळी उपप्रजाती आहे असं त्यांनी मान्य केलं, बहुधा एकदाची सुटका व्हावी म्हणून. दाजींनी गल्लीभर पेढे वाटले.

"पेढं म्हंजे नातूच की!" शेजारीण म्हणाली.

"नातू न्हवं, उपप्रजाती!"

तिने तरीही झबलं पाठवून दिलं.

हे फूल सापडलं होतं ते सड्याच्या तेवढ्याच तुकड्यावर, म्हणून परवानगी काढून दाजींनी भोवती तारेचं कुंपण घातलं. तिथे वाडीतल्या एका मावशींच्या म्हशी चरत. "आमची म्हस तुमच्या फुलाकडं ढुंकून बी बघत न्हाय!" मावशी गरजल्या. दाजींनी ऐकलं नाही. पुढच्या पावसाळ्यात कुंपणाच्या आत कमरेएवढं गवत, आणि फूल औषधालासुद्धा नाही. बाहेर, म्हशींनी तुडवलेल्या चिखलात मात्र चार-दोन फुलं मजेत डोलत होती. दाजींनी स्वतःच्या हाताने तार उपटली आणि मावशींच्या दारात जाऊन म्हशींना रीतसर आमंत्रण दिलं.

"उशीर केलासा," मावशी म्हणाल्या. "पोरगं कागलला कंपनीत लागलं. राखाय कोण न्हाय. इकाय काढल्यात म्हशी."

तेव्हापासून पावसाळाभर आमचे प्राध्यापक मावशींच्या म्हशी राखतात. यंदा मीही बरोबर गेलो. फुलं परतली आहेत, भिंगाशिवाय दिसतील इतकी. गुडघे धरत दगडावर टेकून दाजी म्हणाले, "माझ्यामागं ह्यास्नी हितं कोण आणणार, पावणं?" मी त्यांच्या हातातली काठी घेतली आणि कड्याकडे निघालेल्या म्हशीला वळवायला गेलो. ती काही माझं ऐकेना.