सायमीचं अळणी ताट

माझी भावजय सायमी पस्तीस वर्षं अळणी जेवली. तिचं मीठ मी तोडलं होतं.

फिनलंडमधल्या काइनू भागातल्या आमच्या गावात मी सुईण होते. भाऊ टाउनोचं पहिलं बाळ माझ्याच हातावर आलं. दिवस भरायच्या आत आलेलं, एवढंसं, आणि मागून पडलेली वार मात्र भलतीच जड. पुढं बाळाचं अंग सुजलं, पोट तट्ट फुगलं. कारण मला ठाऊक नव्हतं. पण तसं कबूल करेन तर ती मी कसली! सायमीच्या फडताळात खारवलेल्या माशांची बरणी दिसली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"खारट खाऊन सुजवलंस पोराला."

पोरगा पाचव्या महिन्यात गेला. सायमीनं मीठ सोडलं. तरी पुढची मुलगीही तशीच सुजून गेली. तेव्हा मी आईला म्हणाले, "चोरून चाटत असेल." सायमी दारातच उभी होती. हे आठवलं की आजही मान वर होत नाही.

मी म्हातारी झाले, टाउनो गेला, आणि एका वसंतात हेलसिंकीचे डॉक्टर गावात रक्त तपासायला आले. मूत्रपिंडाच्या गाळणीत नेफ्रिन नावाचं प्रथिन लागतं, म्हणाले. ते नसलं की अंगातलं सत्त्व लघवीवाटे वाहून जातं आणि बाळ सुजतं. दोष आई आणि बाप, दोघांकडून आला तरच हा आजार होतो. तो दोष माझ्याही रक्तात निघाला, म्हणजे आमच्या घराण्यातही होताच.

"आणि मीठ?" मी विचारलं.

"मिठाचा काय संबंध, आजी?"

सायमीकडे जायला मला चार महिने लागले. रोज बूट घालायची आणि काढायची. अखेर गेले. तिनं उकडलेले बटाटे वाढले, खारे मासे फक्त माझ्यापुढं ठेवले.

"सायमी, ते मिठाचं खोटं होतं गं. दोष आमच्याकडूनही होता. मी उगाच बोलले."

ती बटाटा सोलत राहिली. "ठाऊक आहे, वन्सं. माझंही रक्त त्याच दिवशी घेतलं होतं."

"मग अजून अळणी का?"

"तुम्ही कधी येताय ते बघत होते."

तिनं मिठाची वाटी माझ्याकडं सरकवली. मी तिच्या बटाट्यावर चिमूटभर मीठ घातलं. तिनं एक घास खाल्ला, सावकाश गिळला.

"खारट लागतंय," म्हणाली, आणि दुसरा बटाटा सोलून अळणीच खाल्ला.